बंद पडलेला संगणक आणि कारणाचा शोध

(अभ्यासिकेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही विषयाकडे वळतो. विषय साधा आहे. काल चालू असलेला संगणक आज अचानक सुरू होईनासा झाला, तर काय करावे? धम्माच्या व्यासपीठावर यंत्राचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात आपल्या अभ्यासिकेत जे घडले त्याची आठवण बहुतेकांना असेल. त्या प्रसंगात संगणक दुरुस्त झालाच, पण त्याहून महत्त्वाचे काही दुरुस्त करण्याची पाळी आमच्यावर आली. म्हणून हा विषय येथेच मांडणे आम्हांस योग्य वाटते.

१९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वसतिगृहे आणि वाचनालये काढणे हे तिच्या उद्दिष्टांत होते. आपली अभ्यासिका म्हणजे त्याच वाटेवरचे एक लहानसे पाऊल आहे. या अभ्यासिकेत एकच संगणक आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज त्यावर भरले जातात. विद्यार्थ्यांचे दाखले, गुणपत्रिका, जातीची प्रमाणपत्रे यांच्या प्रती त्यात जपून ठेवलेल्या असतात. संस्थेची सभासद यादीही त्यातच आहे. ज्या घरात संगणक नाही, त्या घरातील मुलाच्या दृष्टीने हे यंत्र म्हणजे चैनीची वस्तू नव्हे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीसाठी अभ्यासिकेला रंग द्यायचे ठरले. अकरावीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने संगणकाची पिन काढली, सर्व वायरी गुंडाळल्या, कॅबिनेट चादरीत बांधून कपाटावर ठेवले. पाच दिवस रंगकाम चालले. नंतर त्यानेच सर्व वायरी जागच्या जागी लावल्या आणि बटण दाबले. पंखा फिरला, पडद्यावर इंग्रजी अक्षरे आली, पण विंडोज काही येईना.

त्यानंतरचे दोन दिवस आम्हांस आज आठवले तरी खाली पाहावेसे वाटते. एकाने सांगितले, "याने हलवताना आपटला असणार." दुसऱ्याने सांगितले, "आत व्हायरस शिरला." तिसऱ्याने मोबाइलवर बातमी वाचली होती. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, ही बातमी खरी होती. परंतु त्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की कंपनीनेच सर्व जुने संगणक बंद केले. वास्तविक आधार संपला म्हणजे नियमित सुरक्षा दुरुस्त्या मिळणे थांबले. त्यामुळे संगणकाला धोका वाढतो, पण तो त्या दिवशी आपोआप बंद पडत नाही. बोलावलेल्या दुरुस्तीवाल्यांना घाई होती. त्यांनी पडद्याकडे एकवार पाहिले आणि "हार्ड डिस्क गेली, आतले सगळे गेले, नवीनच घ्या," असा निर्णय देऊन पंचवीस हजारांचा अंदाज सांगितला.

हार्ड डिस्क गेली हे ऐकताच सर्वांच्या नजरा त्या मुलाकडे वळल्या. त्याला कोणी मारले नाही, की शिव्या दिल्या नाहीत. पण "तरी सांगत होतो, पोरांना हात लावू देऊ नका" हे वाक्य त्याच्या कानांवर पडले आणि ते ऐकून आम्ही गप्प राहिलो. दुसऱ्या दिवसापासून तो अभ्यासिकेत आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. धुण्याभांड्याची कामे उरकून ती तशीच आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊ, किती भरायचं ते सांगा. एकदम नाही जमणार, महिन्याच्या महिन्याला देऊ."

मित्रहो, आम्ही तिच्याकडे पैसे मागितले नव्हते. पण तिला पैसे द्यावेसे वाटावे असे वातावरण आम्हीच निर्माण केले होते.

आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले आहेत. बिघाडाची नोंद वहीत केल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पडद्यावर नेमके काय लिहून आले आहे?" आणि आम्हां दहा-बारा शहाण्या माणसांपैकी एकालाही ते सांगता येईना. प्रत्येक जण काहीतरी कळ दाबून तो मजकूर पुढे ढकलत होता. ज्येष्ठांनी विचारले, "पहिल्यांदा सुरू कोणी केला?" तो त्या मुलाने सुरू केला होता. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने दप्तरातून वही काढली. त्या दिवशीची तारीख घालून त्याने दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. पहिली ओळ होती, तारीख व वेळ लावलेली नाही, एफ-वन दाबा. दुसरी होती, योग्य बूट डिव्हाइस निवडा. तो म्हणाला, "मी सांगत होतो, पण कुणी ऐकलं नाही."

त्या दोन ओळींतच सगळे उत्तर होते. ते समजण्यासाठी संगणक सुरू कसा होतो हे आधी थोडक्यात पाहू.

संगणक सुरू होण्याला इंग्रजीत बूट होणे म्हणतात. स्वतःच्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलायचे, अशा अर्थाच्या इंग्रजी म्हणीतून तो शब्द आला. बटण दाबले की पहिल्यांदा एसएमपीएस जागा होतो. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा करतो. मग मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची लिहिलेली आज्ञावली चालू होते. तिला आपण सवयीने बायोस म्हणतो, नव्या संगणकांत तिचे नाव यूईएफआय आहे. ती प्रोसेसर, रॅम, पडदा यांची तपासणी करते. तपासणी नीट झाली की ती डिस्क शोधते, डिस्कवरील छोटी आज्ञावली उचलते आणि ती आज्ञावली विंडोजला जागे करते. ही एक साखळी आहे. पुढची कडी मागच्या कडीवर अवलंबून असते. मधली एखादी कडी निखळली की पुढचे काही घडत नाही, आणि पाहणाऱ्याला एवढेच दिसते की संगणक बंद आहे.

आपल्या संगणकाची सुटलेली कडी कोणती? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. त्याचा क्रमांक सीआर२०३२, दाब ३ व्होल्ट. संगणकाची पिन काढलेली असतानाही घड्याळ चालू ठेवणे, आणि आपल्यासारख्या जुन्या बोर्डात बायोसमधील नोंदी जपणे, हे त्याचे काम. संगणक विजेला जोडलेला असतो तोवर बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार पडत नाही. अभ्यासिकेत इंटरनेटचा राउटर त्याच एक्स्टेंशन बोर्डवर असल्याने तो बोर्ड आपण कधीच बंद करत नव्हतो. दहा वर्षांहून जुना सेल केव्हाच संपत आला होता, पण ते कोणाला कळले नाही. रंगकामासाठी पाच दिवस पिन निघाली आणि नोंदी पुसल्या गेल्या. घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले. विंडोज डिस्कवर जुन्या पद्धतीने शोधायचे की नव्या, ही नोंदही पुसली गेली आणि बायोस ते चुकीच्या पद्धतीने शोधू लागला. बायोसच्या यादीत हार्ड डिस्कचे नाव स्पष्ट दिसत होते, म्हणजे डिस्क जिवंत होती. सेल काढून मल्टीमीटर लावला तर एक व्होल्टही दाखवेना. चाळीस-पन्नास रुपयांचा नवा सेल आणला, तारीख लावली, बूटची पद्धत पूर्वीसारखी केली आणि संगणक सुरू झाला. एक कागदही हरवला नव्हता.

त्या मुलाने पिन काढली नसती, तर हाच बिघाड पुढे एखाद्या लांबलेल्या भारनियमनात उघड झाला असता. पिन काढणे हे निमित्त होते, कारण नव्हते. निमित्त आणि कारण यांत गल्लत केली की निरपराध माणूस दोषी ठरतो.

चूळमालुंक्य सुत्तात तथागतांनी मालुंक्यपुत्ताला दिलेला दृष्टान्त आपण वर्षावासात ऐकतो. एका माणसाला विषारी बाण लागतो. वैद्य आला तरी तो म्हणतो की बाण मारणारा कोण, कोणत्या कुळाचा, धनुष्य कसले, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. हे कळण्याआधीच तो मरून जाईल. आम्हीही "कोणी केले" हेच विचारत बसलो आणि "काय झाले" हे विचारायचे राहून गेले. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की केवळ ऐकीव आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून, काही स्वीकारू नका. आम्ही ऐकीवही स्वीकारले आणि दुरुस्तीवाल्यांचा शब्दही पडताळून पाहिला नाही. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले तर दुःख दूर होते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये आम्हांला तोंडपाठ होती. पण ती एका बंद यंत्रापुढेही वापरावयाची असतात हे आमच्या ध्यानात आले नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी प्रत्यक्ष मार्ग सांगतो. संगणक सुरू झाला नाही तर प्रथम हात मागे घ्या आणि पाहा. काय दिसते, काय ऐकू येते, ते शब्दशः वहीत लिहा किंवा मोबाइलवर फोटो काढा. मग तो पुढील चारपैकी कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवा.

पहिली अवस्था : दिवा नाही, पंखा नाही, काहीच हालचाल नाही. येथे विजेचा मार्ग तपासावा. भिंतीच्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का पाहावे. एक्स्टेंशन बोर्ड वगळून पिन थेट सॉकेटला लावून पाहावी. वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का, कॅबिनेटच्या मागचा छोटा स्विच चालू आहे का, हे पाहावे. पिन काढून पुढचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. मग पिन लावून पुन्हा प्रयत्न करावा. एवढे करूनही काही नसेल तर एसएमपीएसवर संशय घ्यावा, परंतु त्याचा डबा स्वतः कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज शिल्लक असू शकते.

दुसरी अवस्था : पंखा फिरतो, पण पडदा काळा. आधी मॉनिटरचा दिवा आणि वायर पाहावी. वेगळे ग्राफिक कार्ड असेल तर वायर त्या कार्डालाच जोडावी. कॅबिनेटमधून बीप बीप असा आवाज येतो का ते ऐकून त्याची लय लिहून ठेवावी. त्याचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत सापडतो. नव्या बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, पडदा आणि बूट यांचे चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहील तेथे साखळी अडली आहे असे समजावे. या अवस्थेत रॅम सैल झालेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. पिन काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी, रॅमची पट्टी कडेने धरून काढावी, कोरड्या स्वच्छ फडक्याने तिची सोनेरी कडा पुसावी आणि खट् असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी.

तिसरी अवस्था : पडद्यावर अक्षरे येतात, पण बूट डिव्हाइस नाही असा मजकूर येतो. प्रथम लावलेला पेन ड्राइव्ह काढावा. कित्येकदा संगणक त्याच्यातच विंडोज शोधत बसतो. मग बायोस उघडून तीन गोष्टी पाहाव्यात : तारीख बरोबर आहे का, डिस्कचे नाव यादीत आहे का, आणि बूटचा क्रम व पद्धत पूर्वीसारखी आहे का. तारीख मागे गेली असेल तर सेल बदलावा. डिस्कचे नाव नसेल तर पिन काढून तिच्या वायरी पुन्हा बसवाव्यात. मात्र हार्ड डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत असेल तर तेथेच थांबावे. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिल्याने उरलीसुरली माहितीही जाते. अशी डिस्क जाणकाराकडेच द्यावी.

चौथी अवस्था : विंडोज सुरू होऊ लागते आणि मध्येच अडते, किंवा निळा पडदा येतो. येथे यंत्र बहुधा ठीक असते, आतील आज्ञावलीत दोष असतो. निळ्या पडद्यावरील संकेत लिहून घ्यावा. नुकतेच काही नवीन जोडले असेल तर काढावे. दोन-तीन वेळा सुरू होणे फसले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथून स्टार्टअप रिपेअर किंवा सेफ मोड निवडावा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभर असाच प्रकार घडला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक अडले. आपल्या देशातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या संगणकांचे एकही सुटे भाग बिघडलेले नव्हते. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढली की ते सुरू होत होते. एवढे संगणक निळे पडले म्हणून कोणी ते भंगारात काढले असते, तर काय झाले असते?

या चारही अवस्थांना लागू असे काही नियम आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि उपयोग झाला नाही तर ती पूर्ववत करावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर संगणक सुरू झाला तरी कारण कळत नाही. जे सोपे आणि बिनखर्चाचे ते आधी तपासावे. फॉरमॅट करा असा सल्ला कोणी दिला तर, आतील माहितीची प्रत दुसरीकडे आहे याची खात्री झाल्याशिवाय तो मानू नये. नव्या संगणकात बिटलॉकरचे कुलूप असू शकते. बायोसमध्ये बदल केल्यावर ते ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली आधीच कागदावर लिहून कपाटात ठेवावी. आणि महत्त्वाच्या कागदपत्रांच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी इमारतीबाहेर. आमच्याकडे एकच प्रत होती. हा दोष त्या मुलाचा नव्हता, आमचा होता.

मित्रहो, पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही सर्वांसमक्ष त्या विद्यार्थ्याची आणि त्याच्या आईची माफी मागितली. संशय चारचौघांत घेतला होता, म्हणून माफीही चारचौघांत मागणे आवश्यक होते. तो पुन्हा अभ्यासिकेत येऊ लागला. आता संगणकाशेजारी एक नोंदवही दोरीने बांधून ठेवलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्याने आपल्या वहीतील त्या दोन ओळी स्वतःच्या अक्षरांत उतरवल्या आहेत. आपण येथून जाताना ती वही अवश्य पाहावी.

आपल्या समाजाला न तपासता दोषी ठरवले जाण्याचा अनुभव नवा नाही. वाडवडिलांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सोसला. म्हणूनच आपल्या चार भिंतींत, आपल्याच लेकरावर तशी पाळी येऊ नये ही जबाबदारी आपल्यावर इतरांहून अधिक आहे. यंत्र बंद पडले तर नवे आणता येईल. पण "मी सांगत होतो, कुणी ऐकलं नाही" असे म्हणून एखादा विद्यार्थी अभ्यासिकेची पायरी उतरला, तर त्याचे नुकसान कोणत्या निधीतून भरून काढणार?

म्हणून सभासदांना आमची नम्र विनंती आहे की विद्यार्थ्यांना यंत्राला हात लावू द्या, चुकू द्या आणि ते काय सांगतात ते आधी ऐकून घ्या. विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे की घाबरू नका, पाहा, लिहा आणि कारण सापडेपर्यंत कोणाचाही शब्द अंतिम मानू नका, आमचाही नाही.



नमो बुद्धाय! जयभीम!